रंजनवाचन, मुलगे आणि मराठी समीक्षेची उदासीनता

प्रस्तावना

वाचनसंस्कृतीचा ऱ्हास हा मराठी चर्चासत्रांचा जणू स्थायी विषय होऊन बसला आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. २०१७ मध्ये सातारा जिल्ह्यातील भिलार हे 'पुस्तकांचे गाव' म्हणून उभे राहिले. त्याच्या कितीतरी आधी, १९७०च्या दशकात, 'ग्रंथाली'ने वाचक चळवळ उभारली होती. अशा प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तथापि या सर्व चर्चेत 'वाचक' हा शब्द वयाचा, वर्गाचा आणि लिंगभावाचा विचार न करता सरसकट वापरला जातो. कोण वाचत नाही, काय वाचत नाही आणि कशासाठी वाचत नाही, हे प्रश्न त्यामुळे मागे पडतात.

जगात अन्यत्र झालेल्या पाहण्यांनी या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आणली आहे. पंधरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००९ व २०१८ या दोन्ही वर्षी सहभागी देशांमध्ये वाचनाच्या बाबतीत मुली मुलग्यांच्या पुढे होत्या. आनंदासाठी वाचत नाही असे सांगणाऱ्यांमध्येही मुलग्यांचे प्रमाण अधिक होते. अमेरिकेत २००२ मध्ये झालेल्या पाहणीत वर्षभरात एखादी तरी ललित कृती वाचणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ५५.१ टक्के, तर पुरुषांचे ३७.६ टक्के आढळले. हे आकडे महाराष्ट्राचे नाहीत आणि ते जसेच्या तसे येथे लागू करणे योग्य होणार नाही. मात्र त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मराठी साहित्यव्यवहारालाही विचारता येतो. मुलगा आणि पुढे पुरुष हा केवळ आनंदासाठी पुस्तक हाती घेतो तेव्हा त्याच्या त्या कृतीकडे आपली साहित्यसंस्कृती कोणत्या दृष्टीने पाहते?

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी आणि मुलांचा चंचल स्वभाव यांत शोधले जाते. प्रस्तुत लेखात ते मराठी समीक्षेच्या मूल्यव्यवस्थेत शोधण्याचा प्रयत्न केला आहे. मुलगे ज्या पुस्तकांमुळे वाचक झाले, ती पुस्तके मराठी समीक्षेने आपल्या कक्षेबाहेर ठेवली. त्यामुळे बालवाचन आणि प्रौढ साहित्य यांना जोडणारी मधली पायरी अभ्यासाच्या, अध्यापनाच्या आणि ग्रंथालयीन निवडीच्या दृष्टीने अदृश्य राहिली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी बाबुराव अर्नाळकर, भा. रा. भागवत, अण्णा भाऊ साठे आणि सुहास शिरवळकर या चार लेखकांचा विचार केला आहे.

'करमणूक' या शब्दाचे अवमूल्यन

मराठी कादंबरीचा पाया घालणाऱ्या हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये जे साप्ताहिक सुरू केले त्याचे नाव 'करमणूक' होते. 'पण लक्षात कोण घेतो' ही विधवेच्या जीवनाची विदारक कहाणी याच नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या कृतीपासून मराठी वास्तववादी कादंबरीची परंपरा सांगितली जाते, ती कृती वाचकाच्या हाती 'करमणूक' या नावाखाली पडली. करमणूक आणि गांभीर्य यांच्यात हरिभाऊंना विरोध दिसत नव्हता. पुढच्या आठवड्याच्या अंकाची वाट पाहायला लावणे हे त्यांच्या दृष्टीने कादंबरीकाराच्या कर्तव्याचाच भाग होते.

हा समतोल फार काळ टिकला नाही. त्याची बीजे आधीच्या काळातही दिसतात. 'मुक्तामाला' (१८६१) आणि तिच्या वळणाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्येच टीका केली होती. वि. का. राजवाडे यांच्या १९०२ मधील 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव या प्रकारांची चर्चा आली. या टीकेला तिच्या काळाचे सबळ कारण होते. नव्या गद्याला जीवनाभिमुख करणे ही तेव्हाची गरज होती. परंतु एका काळाची गरज ही पुढे कायमची पात्रता-अपात्रतेची कसोटी बनली. रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची रूपांतरे करणारे गो. ना. दातार किंवा 'वीरधवल' (१९१३) लिहिणारे नाथमाधव यांना अमाप वाचक मिळाला. वाङ्मयेतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला सामान्यतः धावता उल्लेखच आला.

ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) आणि अन्य लेखनातून कथेच्या आकर्षकतेचे, तंत्राचे व आनंदाचे समर्थन केले. पण 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादात तो मुद्दा अडकला आणि रंजनाचे समर्थन म्हणजे जीवनाकडे पाठ असे समीकरण रूढ झाले. मर्ढेकरांनंतरच्या सौंदर्यविचाराने कलाकृतीची स्वायत्तता प्रस्थापित केली, तर साठोत्तरी समीक्षेने सामाजिक आशयाला आणि देशीयतेला महत्त्व दिले. या दोन्ही भूमिका परस्परांहून अत्यंत भिन्न होत्या. 'रंजनपर' हे विशेषण मात्र दोघींनीही निषेधार्थीच वापरले.

वस्तुतः भारतीय काव्यशास्त्रात आनंदाचे स्थान असे दुय्यम नाही. मम्मटाने काव्याची जी प्रयोजने सांगितली त्यांत यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अमंगलाचे निवारण आणि गोड शब्दांनी केलेला उपदेश यांच्या जोडीला वाचताक्षणी लाभणारा परम आनंदही आहे. परंपरेने त्यालाच सर्वश्रेष्ठ मानले. अर्थात हा रसानंद आणि पान उलटण्याची अधीरता एकच नव्हेत. परंतु अधीरतेचा अनुभवच ज्याला कधी आला नाही, तो रसास्वादापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचणार, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच विचारला.

बाबुराव अर्नाळकर : एका वाचकवर्गाची निर्मिती

चंद्रकांत सखाराम चव्हाण ऊर्फ बाबुराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रे काही पिढ्यांच्या बोलण्यात वावरत होती. या लेखनाची नोंद घेताना त्याच्या संख्येचाच उल्लेख पुन्हा पुन्हा केला जातो. त्यातून नकळत एक निवाडाही सूचित होतो. इतके लिहिणारा चांगले लिहीत नसणार, असा तो निवाडा असतो. संख्येपलीकडे जाऊन या कथा वाचकाला काय देत होत्या, याचा विचार व्हायला हवा.

पहिली गोष्ट म्हणजे या पुस्तिकांचा आकार आणि त्यांची उपलब्धता. पुस्तिका लहान होती, किंमत बेताची होती आणि ती भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयात सहज मिळत होती. एका बैठकीत पुस्तक पूर्ण करता येते, हा अनुभव नवशिक्या वाचकाला आत्मविश्वास देतो. जाडजूड कादंबरी अर्ध्यावर सोडणाऱ्याला अपराधी वाटते, तर छोटी कथा संपवणाऱ्याला दुसरी हवी असते. दुसरी गोष्ट मालिकेची. परिचित नायक पुन्हा भेटत असल्यामुळे प्रत्येक नव्या पुस्तकाचा उंबरठा खाली येतो. नवे जग पहिल्यापासून समजून घेण्याचे श्रम करावे लागत नाहीत. तिसरी गोष्ट कथनाची. अर्नाळकरांचे वाक्य लहान, क्रियापदाकडे वेगाने झेपावणारे आणि संवादावर भर देणारे आहे. प्रकरणाचा शेवट उत्सुकतेच्या टोकावर होतो. या शैलीत वर्णनाची समृद्धी नाही, परंतु वाचकाच्या लक्षाचे भान सतत जागे आहे.

चौथी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रहस्यकथा वाचकाला कामाला लावते. कोण खरे बोलतो, कोणता तपशील पुढे उपयोगी पडेल, कथा कोठे आपल्याला चकवते आहे, याचा अंदाज वाचक सतत बांधत असतो. मजकुराच्या पोटात शिरून अनुमान करणे ही साहित्यवाचनाची मूलभूत कृती आहे आणि तिचा सराव रहस्यकथा सहजपणे घडवून आणते. निवेदकावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात पारिभाषिक शब्दांत मांडला जातो. धनंजयच्या वाचकाने तो कोणत्याही परिभाषेविना हाताळलेला असतो.

या लेखनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सुष्ट आणि दुष्ट यांची विभागणी ठोकळेबाज आहे. स्त्रीपात्रे बहुधा संकटात सापडलेली किंवा मोहात पाडणारी असतात. इंग्रजी रहस्यकथांचे ऋण अनेक ठिकाणी जाणवते आणि मुंबईच्या वास्तवाचा खोलवर शोध या कथा घेत नाहीत. परंतु मर्यादा दाखवण्यासाठी आधी कृती वाचावी लागते. मराठी समीक्षेने अर्नाळकरांना दोषी ठरवले, असेही म्हणता येत नाही, कारण त्यांची रीतसर सुनावणीच फारशी झाली नाही.

फास्टर फेणे : मुलग्याची एक वेगळी प्रतिमा

भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' हे मासिक सुरू केले, ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांपर्यंत आणल्या आणि फुरसुंगीच्या बनेश फेणे या मुलाला अमर केले. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, किडकिडीत अंगकाठीचा, सायकलवर वाऱ्यासारखा फिरणारा आणि तोंडाने 'ट्टॉक' असा आवाज काढणारा हा फास्टर फेणे मराठी किशोरसाहित्यातील एक स्वतंत्र निर्मिती आहे.

या पात्राची रचना लक्षपूर्वक पाहिली तर भागवतांच्या दृष्टीचे मोठेपण ध्यानात येते. मराठीतील मुलग्याची त्यापूर्वीची सर्वांत प्रभावी प्रतिमा साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तील श्यामची होती. श्याम चुकतो, रडतो, आईकडून शिकतो आणि चांगला होतो. ती कृती तिच्या जागी थोर आहेच. मात्र तिच्या अनुकरणातून आलेल्या संस्कारकथांनी मुलग्याला सतत सुधारणेचा विषय बनवले. फास्टर फेणेला कोणी सुधारत नाही. तो चौकस आहे, धांदरट आहे, नको तेथे नाक खुपसणारा आहे आणि याच गुणांमुळे त्याच्या हातून भले घडते. वाचणाऱ्या मुलाला येथे उपदेशाचा वास येत नाही.

त्याच वेळी हा नायक बळाच्या जोरावर जिंकत नाही. त्याची शक्ती निरीक्षणात, वेगात आणि हजरजबाबीपणात आहे. मुलगा म्हणजे दांडगाई, या प्रचलित कल्पनेला भागवतांनी कोणताही गाजावाजा न करता छेद दिला. शारीरिकदृष्ट्या सामान्य असलेल्या मुलालाही साहसाच्या केंद्रस्थानी उभे राहता येते, हा दिलासा काही कमी नाही. आजच्या काळात पौरुषाच्या आक्रमक प्रतिमा मुलांवर सर्व बाजूंनी आदळत असताना या पात्राचे पुनर्वाचन म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

भागवतांची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ध्वन्यनुकारी शब्द, शाब्दिक कोट्या, पुणेरी बोलण्याचा खटका आणि स्थळांचे नेमके तपशील यांमुळे त्यांचे गद्य मोठ्याने वाचण्याजोगे झाले आहे. त्यांनी बिपिन बुकलवार नावाचा पुस्तकवेडा मुलगाही निर्माण केला. वाचणारा मुलगा हा घरकोंबडा किंवा चेष्टेचा विषय नसून कथेचा नायक असू शकतो, ही गोष्ट मराठीत ठसठशीतपणे सांगणारे उदाहरण म्हणून बुकलवारकडे पाहता येते.

तरीही किशोरसाहित्याला विद्यापीठीय समीक्षेत मिळालेले स्थान तुटपुंजे आहे. 'आनंद' मासिक १९०६ मध्ये सुरू झाले, तर पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' १९७१ मध्ये. इतकी दीर्घ परंपरा असूनही बालसाहित्य हा पदवी स्तरावर बहुधा एखाद्या ऐच्छिक घटकापुरता उरतो. २०१७ मध्ये 'फास्टर फेणे' चित्रपट आला तेव्हा मोठे झालेले वाचक त्या नावामागे चित्रपटगृहात गेले. समाजाच्या स्मरणात जे इतके खोलवर रुजले आहे, ते अभ्यासकाच्या नोंदवहीत का नसावे?

'फकिरा' आणि 'दुनियादारी' : मधल्या पायऱ्या

किशोरवयानंतर मुलग्याच्या वाचनात खंड पडतो, हे सर्वपरिचित आहे. बालसाहित्य मागे पडलेले असते आणि मान्यताप्राप्त प्रौढ साहित्य अद्याप दूर असते. या मधल्या अवकाशात ज्या पुस्तकांनी तरुणांना धरून ठेवले, त्यांत अण्णा भाऊ साठे आणि सुहास शिरवळकर यांची पुस्तके येतात. या दोन लेखकांत आशय, वर्ग आणि दृष्टी यांचे अंतर प्रचंड आहे. त्यांना येथे एकत्र आणले आहे ते केवळ त्यांच्या वाचकाच्या निमित्ताने.

शालेय शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या अण्णा भाऊंनी (१९२०-१९६९) लिहिलेली 'फकिरा' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. मांग समाजातील फकिराची ही कथा साहस, पाठलाग, शौर्य आणि निष्ठा यांच्या बळावर वाचकाला खेचून नेते. दुष्काळात उपासमार होत असलेल्या माणसांसाठी धान्य लुटणारा नायक ब्रिटिश सत्तेशी झुंजतो. येथे रंजन आणि सामाजिक विद्रोह वेगळे काढताच येत नाहीत. साहसकथेचा वेग हाच त्या विद्रोहाचा श्वास आहे. पण अद्भुतरम्यता, योगायोग आणि नाट्यमयता यांचे दोष दाखवत समीक्षेने या लेखनाला दीर्घकाळ दुय्यम ठेवले. ज्या मुलाच्या घरात पुस्तकाचे कपाट नव्हते, त्याला आपल्यासारखा नायक प्रथम अशाच पुस्तकात भेटला. 'रंजनपर' या शिक्क्याचा सर्वांत मोठा अन्याय अशा वाचकावर झाला. रंजनाविषयीची तुच्छता ही अनेकदा वाचकवर्गाविषयीचीच तुच्छता असते, हे येथे उघड होते.

सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांची 'दुनियादारी' १९८२ ची. पुण्यातील महाविद्यालयीन जीवन, कट्ट्यावरची दोस्ती, प्रेम आणि भंगलेली घरे हा तिचा विषय आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तही (१९६३) पुण्यात शिकायला आलेला तरुण आणि त्याचे वसतिगृह आहे. पांडुरंग सांगवीकरचे मोडून पडणे नेमाडे यांनी भाषेच्या पातळीवर घडवले. कंटाळा, विनोद आणि मृत्यूची जाणीव यांची त्या कादंबरीतील वीण 'दुनियादारी'त नाही. श्रेयस आणि दिग्या यांचे दुःख अधिक उघड, अधिक नाट्यपूर्ण आणि काही वेळा भावविवश आहे. दोन्ही कृतींचे वाङ्मयीन मूल्य एकच मानण्याचे कारण नाही.

परंतु एक निरीक्षण नोंदवणे आवश्यक आहे. मुलगे एकमेकांशी दुःखाविषयी बोलत नाहीत. 'दुनियादारी' त्यांना मैत्रीच्या, थट्टेच्या आणि शिवराळ आपुलकीच्या भाषेतून दुःखाजवळ नेते. बापाविषयीची नाराजी, आईवडिलांच्या बिघडलेल्या संसाराची लाज, नकाराचा अपमान या गोष्टी ज्याला स्वतःशीही उच्चारता येत नाहीत, त्याला त्या या कादंबरीत शब्दरूपाने भेटतात. २०१३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाल्यानंतर नव्या पिढीलाही ती आपली वाटली, यामागे केवळ स्मरणरंजन नव्हते. 'कोसला' शिकवणाऱ्या वर्गात 'दुनियादारी'चे नाव घेण्याची सोय असती, तर तुलनेतूनच 'कोसला'चे वेगळेपण विद्यार्थ्याला अधिक उमगले असते. श्रेष्ठ कृतीचे श्रेष्ठत्व दाखवण्यासाठीही लोकप्रिय कृती हाताशी असावी लागते.

काही आक्षेपांचा विचार

वरील प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, मुलग्यांसाठी वेगळ्या वाचनाचा विचार करणे म्हणजे साहस मुलग्यांचे आणि भावना मुलींच्या, ही जुनी विभागणी बळकट करणे होय. हा आक्षेप गंभीर आहे. फास्टर फेणे मुलींनीही तितक्याच आवडीने वाचला आहे आणि 'पण लक्षात कोण घेतो' मुलग्यांनी वाचावी अशीच कादंबरी आहे. म्हणून प्रश्न मुलग्यांसाठी स्वतंत्र कपाट निर्माण करण्याचा नाही. पुरुषाने रिकाम्या वेळी कथा-कादंबरी वाचणे हे कमीपणाचे किंवा निरुद्योगाचे लक्षण मानणाऱ्या धारणेचा आहे. वर्तमानपत्र वाचणारा पुरुष जाणता ठरतो, स्पर्धा परीक्षेचे पुस्तक वाचणारा कष्टाळू ठरतो, यशाची सूत्रे सांगणारी अनुवादित पुस्तके वाचणारा महत्त्वाकांक्षी ठरतो. कादंबरी वाचणारा मात्र रिकामटेकडा ठरतो. वाचनाने काहीतरी पदरात पडलेच पाहिजे, ही अट पुरुषाच्या वाचनावर अधिक कडकपणे लादली जाते.

दुसरा आक्षेप दर्जाचा आहे. रंजनपर वाचनातून वाचक वर चढतोच असे नाही आणि अनेकजण त्याच पायरीवर राहतात, असे म्हटले जाते. हे खरे आहे. परंतु एका पायरीवर थांबलेला वाचक आणि जिन्यापर्यंत न आलेला माणूस यांत फरक आहे. शिवाय वर चढणे हे वाचकाच्या एकट्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. पुढची पायरी दाखवणारे कोणीतरी लागते. ते काम शिक्षकाचे, ग्रंथपालाचे आणि समीक्षकाचे आहे. समीक्षेने खालच्या पायऱ्यांची ओळखच नाकारली, तर ती वरच्या पायरीकडे बोट तरी कोठून दाखवणार?

तिसरा आक्षेप परिस्थितीचा आहे. शिकता शिकता काम करणाऱ्या, नोकरीच्या चिंतेने ग्रासलेल्या मुलाला आनंदासाठी वाचण्याची चैन परवडत नाही, असा हा आक्षेप आहे. त्याला उत्तर देताना अर्नाळकरांचा आणि अण्णा भाऊंचा वाचक आठवावा लागतो. त्यांची पुस्तके फुरसतीच्या वर्गापुरती कधीच मर्यादित नव्हती. कष्टकऱ्याला आनंदाची गरज कमी असते, ही समजूतच मुळात सुखवस्तू आहे.

ग्रंथालय, वर्ग आणि अध्यापक

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावोगावी ग्रंथालये उभी राहण्यास आधार मिळाला. यांतील अनेक ग्रंथालयांना आज जोडून अभ्यासिका असते. सकाळपासून रात्रीपर्यंत तेथे तरुण बसलेले असतात. लोकसेवा आयोग, पोलीस भरती, बँक अशा परीक्षांची तयारी चालते. ग्रंथालयात इतके तरुण येतात आणि पलीकडच्या दालनातील कादंबरीला मात्र हात लागत नाही, ही विसंगती बोलकी आहे. या तरुणांना वाचनाचा कंटाळा आहे असे म्हणता येणार नाही. ते दिवसाचे आठ-दहा तास वाचतात. त्यांच्या वाचनातून आनंद वजा झाला आहे.

हा आनंद वजा होण्याची प्रक्रिया वर्गातच सुरू होते. पाठ्यपुस्तकातील कथा ही प्रश्नोत्तरांसाठी असते, कविता रसग्रहणाच्या गुणांसाठी असते आणि अवांतर वाचन प्रकल्पाच्या वहीसाठी असते. महाविद्यालयात नेमलेल्या कादंबरीच्या जागी तिचे मार्गदर्शक पुस्तक वाचले जाते. अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत विद्यार्थ्याला कपाटापर्यंत जाऊन पुस्तक चाळता येत नाही. चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तक मागवावे लागते. ज्याला काय हवे आहे हे ठाऊक नाही, त्याने चिठ्ठीवर काय लिहावे? एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धान्त मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळण्याचा आग्रह आहे. बंद कपाट या दोहोंची भेटच होऊ देत नाही.

अध्यापकाच्या स्वतःच्या वाचनाचाही येथे संबंध येतो. विद्यार्थ्यासमोर पुरुष अध्यापक वाचताना दिसतो तो बहुधा संदर्भासाठी, टिपणांसाठी किंवा शोधनिबंधासाठी. एखादी रहस्यकथा रात्री जागून संपवली, नारायण धारपांची भयकथा वाचून दचकायला झाले, असे सांगणारा प्राध्यापक विरळा. घरातील पुरुष वाचताना दिसत नाहीत आणि महाविद्यालयातील पुरुष आनंदाने वाचताना दिसत नाहीत. अशा स्थितीत मुलग्याने वाचनाकडे केवळ परीक्षेचे साधन म्हणून पाहिले, तर त्याला दोष देता येणार नाही.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. मराठी कादंबरीच्या आरंभकाळात करमणूक आणि गांभीर्य यांच्यात अंतर्विरोध मानला जात नव्हता. तो पुढील काळातील समीक्षाव्यवहाराने निर्माण केला.

२. अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी अनुमान, उत्कंठा आणि वाचनसातत्य यांचा सराव मोठ्या वाचकवर्गाला दिला. त्यांच्या मर्यादांसह त्यांचा चिकित्सक अभ्यास होणे आवश्यक आहे.

३. भा. रा. भागवतांनी दांडगाईऐवजी कुतूहल आणि चातुर्य यांवर उभा असलेला मुलगा निर्माण केला. लिंगभावाच्या दृष्टीनेही ही निर्मिती मोलाची आहे.

४. 'फकिरा' आणि 'दुनियादारी' यांसारख्या कृती किशोरवय आणि प्रौढ साहित्य यांना जोडतात. त्यांच्याविषयीच्या अनास्थेत वर्गीय आणि जातीय पूर्वग्रहांचा वाटा तपासण्याजोगा आहे.

५. मुलगे आणि पुरुष यांच्या रंजनवाचनाचा प्रश्न केवळ उपक्रमांनी सुटणारा नाही. मुक्त कपाटे, लोकप्रिय साहित्याचा अभ्यासक्रमातील चिकित्सक समावेश, गुणांशी न जोडलेल्या वाचनासाठी वर्गात राखलेला वेळ आणि अध्यापकांचे स्वतःचे उघड वाचनप्रेम यांची त्याला जोड हवी.

साहित्याचे अध्यापन हे अखेर वाचकांच्या अस्तित्वावर उभे आहे. अभ्यासिकेत बसलेला तरुण उद्या अधिकारी, शिपाई, शेतकरी किंवा बेरोजगार होईल आणि तो कोणाचा तरी बाप, भाऊ, नवरा असेल. स्वतःच्या भीतीला, एकाकीपणाला आणि हसण्याला शब्द देणारे एखादे पुस्तक त्याला ठाऊक आहे की नाही, याचा परिणाम त्याच्यापुरता मर्यादित राहत नाही. मराठी समीक्षेने त्याच्या हातातील स्वस्त, सुट्या पानांच्या पुस्तकाकडे एकदा गांभीर्याने पाहिले, तर तोही समीक्षेच्या पसंतीच्या पुस्तकाकडे वळून पाहण्याची शक्यता निर्माण होते.